छोटी फर्म की मोठी बँक? स्वतःवर गुजरलेलं लिहा

भाची यंदा सीए झाली. हातात दोन ऑफर आहेत: सदाशिव पेठेतली आठ माणसांची सीए फर्म, नाहीतर मुंबईत एका बड्या बँकेचं क्रेडिट (कर्ज) डिपार्टमेंट. पगारात जवळजवळ दुपटीचा फरक. सल्ले घरात भरपूर मिळतायत, इथे अनुभव हवेत.

* * *

ताई, मी सांगलीतल्या छोट्या फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, केली आणि तिथेच चिकटलो. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागला, त्याच आठवड्यात मार्केट यार्डातल्या एका अडत्याने बिलांची पिशवी माझ्या टेबलावर ओतली. ओल्या हळदीला कर नाही, वाळवलेलीला पाच टक्के, हे आधी मी शिकलो, मग त्याला शिकवलं. नोटीस आली की उत्तरही मीच लिहायचं. पगार विचारू नका. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटमुळे घरचा गणपतीसुद्धा धड बघायला मिळत नाही.

* * *

मी बँकेतला. सहा वर्षं कॅश क्रेडिटच्या, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून धंद्याला दिलेल्या कर्जाच्या, फायली. साठा अधिक येणी वजा देणी, त्यातून पंचवीस टक्के मार्जिन काढायचं, की आली ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्जदाराला किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा. फाईल बनवणारा मी, तपासणारा दुसरा, मंजुरी तिसऱ्याची. कर्जदाराचं तोंड क्वचितच दिसायचं. एकदा स्टॉक ऑडिटला, म्हणजे तारण माल प्रत्यक्ष तपासायला, गोदामात गेलो. माझ्या शीटवर सगळं जुळत होतं. बरोबर एका छोट्या फर्मचा पोरगा होता, त्याने खालच्या थरातलं खोकं बुटाने ढकललं, ते सर्रकन आत गेलं. रिकामं! वरच्या दोन थरांतच काय तो माल. मला हे सुचलंच नसतं, खरं सांगतो.

* * *

दुसरी बाजूही ऐका. 1 एप्रिल 2020 ला माझी सरकारी बँक दुसरीत विलीन झाली. पाटी बदलली, पगार एक तारखेला आलाच. त्याच लॉकडाऊनमध्ये नवऱ्याच्या फर्मचे सर आजारी पडले आणि तीन महिने त्याच्या खात्यात दमडी नाही. आमचा हप्ता माझ्या पगारावर निघाला.

* * *

भाचीला वाचून दाखवलं. विचारतेय, फर्ममध्ये स्टॉक ऑडिटला पहिल्या वर्षीच नेतात का?

* * *

आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात पाठवलं होतं. जुने बूट घालून जा म्हणावं.