मदत हवी आहे: आई-अप्पांसाठी क्रूझवर सूट घ्यावा का? फरक लाखाच्या वर जातोय

विश्रामबागचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय, जरा लांबलंय तेवढं सांभाळून घ्या.

आई-अप्पांच्या लग्नाला येत्या डिसेंबरात 50 वर्षं होतायत. हॉल, जेवणावळ, स्टेजवर खुर्च्या टाकून फोटो, यातलं काही नको म्हणाले दोघं. म्हणून मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ बघतोय, पाच रात्रींची, कोची आणि लक्षद्वीप करून परत मुंबई. ते दोघं आणि मी नि बायको. आम्हाला आतली बिनखिडकीची केबिन, त्यात काही वाद नाही. घोडं अडलंय आई-अप्पांच्या खोलीवर. एजंटनं दोघांचे मिळून आकडे दिलेत, समुद्राकडची बंद खिडकी असलेली केबिन 1 लाख 24 हजार आणि बाल्कनीवाला मिनी सूट 2 लाख 31 हजार. म्हणजे 1 लाख 7 हजार जास्तीचे, रात्रीला एकवीस हजाराच्या वर पडतात, आणि हे कशाचे तर मला दिसतंय तेवढ्यावरून दोन खुर्च्या मावतील एवढ्या गॅलरीचे.

अप्पांना सूटचं सांगितलं तर म्हणाले, "सूट? किती टक्के?" उलटं आहे, जास्त द्यायचेत म्हटल्यावर पेपर तोंडावर घेतला.

अप्पा 74 चे आहेत. सगळी नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, त्यामुळं कुठल्याही खर्चाला पहिला प्रश्न "वजन किती भरतंय?" उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, डावा अजून आज करू उद्या करू चाललंय. जास्त चालवत नाही पण पाणी बघत बसायला लागतं त्यांना. रोज संध्याकाळी रिक्षा करून कृष्णेच्या घाटावर जातात, पायऱ्या उतरत नाहीत, वरच बसतात तासभर. म्हणून मला वाटलं बाल्कनी त्यांच्यासाठीच आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, पाणी 2019 ला गच्चीवरून फुकटात बघितलंय की, दारात आलं होतं.

तर ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, बाल्कनी वापरली जाते का खरंच, का पहिल्या दिवशी फोटो काढले की संपलं? आणि सूटवाल्यांना खोली सोडून वेगळं काय मिळतं?

पोवई_नाका

सरळ सांगतो, नका घेऊ. आम्ही साताऱ्याहून सहा जण गेलो होतो, मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, आतल्या केबिनी. खोलीत फक्त झोपायला आणि मोबाईल चार्जिंगला गेलो. बाकी सगळा वेळ वर डेकवर नाहीतर जेवणाच्या रांगेत, आणि डेक सगळ्यांना सारखाच, तिथं कोण सूटवाला कोण आतला कळत पण नाही. एक लाखात आई-वडिलांची अजून एक ट्रिप होते राव.

खलाशी_नसलेला

पोवई नाका, तुमचं दोन रात्रींना बरोबर आहे. पाच रात्रींना गणित बदलतं आणि या रूटला तर जास्तच. कोचीला जहाज धक्क्याला लागतं, व्हीलचेअरवरून पण उतरता येतं. लक्षद्वीपला तसं नाही, जहाज लांब समुद्रात नांगर टाकतं आणि लोकांना लहान बोटीतून बेटावर नेतात. जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं, दोन्हीकडून माणसं धरतात, पण गुडघ्याच्या माणसाला मी तरी सांगणार नाही, आणि लाटा असल्या तर तो कार्यक्रमच रद्द होतो, तो भाग वेगळा. म्हणजे बाळ्याभाऊ तुम्ही बेटावर असाल तेव्हा अप्पा जहाजावर. शिवाय जाताना-येताना नुसत्या समुद्रातले दिवस. एकूण जागेपणीचे किती तास अप्पा जहाजावर काढणार ते धरा आणि मग लाखाला त्या तासांनी भागा, रात्रींनी नको.

आता बाल्कनी एवढी महाग का, तर ते जहाज 1990 चं आहे, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्या काळात खोलीखोलीला बाल्कनी द्यायची पद्धत नव्हती. आताच्या नव्या जहाजांत निम्म्याहून जास्त खोल्यांना बाल्कनी असते, त्यामुळं खिडकी आणि बाल्कनीच्या दरात फार फरक पडत नाही. इथं बाल्कनी हवी तर सूटच्याच दरात शिरावं लागतं. म्हणजे तुम्ही सूट घेत नाही आहात, बाल्कनी घेताय आणि सोफा गळ्यात पडतोय.

घेतलीच तर बाजू विचारा. मुंबईहून दक्षिणेला जाताना पुढं तोंड करून उभं राहिलं की उजवी बाजू पश्चिमेला, म्हणजे मावळतीचा सूर्य उजवीकडच्या खोल्यांना. परत येताना तोच डावीकडं जातो. जाताना किनारा डावीकडं असतो पण जहाज एवढं आत असतं की दिसेलच असं धरून चालू नका.

मिरजेची_फिजिओ

बाल्कनीचं नंतर बघा, आधी बाथरूमचा फोटो मागवा. मिरजेत रोज गुडघ्याचेच पेशंट बघते म्हणून सांगते. जहाजावर महागड्या खोल्यांत बरेचदा बाथटब असतो आणि अंघोळ त्या टबात उभं राहूनच करायची असते. टबाचा काठ दीड फुटाच्या आसपास. एक गुडघा बदललेला, दुसरा दुखरा, फरशी ओली आणि खालून जहाज हलतंय, अशात काठ ओलांडायचा. लाख रुपये जास्त देऊन अंघोळीची पंचाईत विकत घ्याल. साध्या केबिनीत बहुतेक नुसता शॉवर असतो, तिथं पण उंबरा असतोच पण कमी.

अजून एक, जवळपास प्रत्येक जहाजात थोड्या केबिनी व्हीलचेअरवाल्यांसाठी केलेल्या असतात. दार रुंद, बाथरूमला उंबरा नाही, धरायला दांड्या, शॉवरखाली बसायला सीट. एजंट आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं, आणि थोड्याच असल्यामुळं लवकर जातात. अप्पांना सूटपेक्षा ती जास्त सोयीची पडेल.

विश्रामबागचा_बाळ्या

ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. लगेच घरी परीक्षा घेतली. न्हाणीच्या दाराशी पाटावर पाट रचले आणि अप्पांना म्हटलं पाय टाकून दाखवा. काट्यावरचा माणूस, स्वतःच टेप आणायला लावली. उजवा पाय, भिंत धरून, नऊ इंच. डावा पाच. पाचच्या वर नेताना नळ धरायला गेले तेव्हा मीच थांबवलं. तरी म्हणतात, "लिही, डावा साडेपाच." दीड फुटाचा टब म्हणजे विषयच संपला.

एजंटला फोन केला तर म्हणाला, "सर सूट आहे, सगळं लक्झरी असतं, टेन्शन घेऊ नका." टब का शॉवर हे तीनदा विचारलं, तीनदा लक्झरी.

खलाशी_नसलेला

फोनवर नाही, लेखी विचारा आणि केबिनचा नंबर घेऊन विचारा, कारण एकाच प्रकारच्या दोन खोल्यांत पण फरक असतो. नंबर नंतर कळेल असलं स्वस्तातलं बुकिंग तुम्हाला चालणार नाही, त्यात कंपनी देईल ती खोली घ्यावी लागते, जहाजाच्या पार टोकाची पण मिळू शकते. जहाज 200 मीटरच्या वर लांब आहे. जेवायला जायचं यायचं धरून अप्पांचे दिवसाला किती हेलपाटे होतील बघा. मधल्या भागातली, लिफ्टजवळची आणि त्यातल्या त्यात खालच्या मजल्यावरची खोली घ्या, मधे आणि खाली हलणं सगळ्यात कमी जाणवतं. सूट बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात, तिथं जास्त जाणवतं. डिसेंबरात अरबी समुद्र तसा शांत असतो म्हणा, पावसाळ्यात तर हे जहाज मुंबई सोडून चेन्नईकडं जातं.

खिडकीची केबिन घेतलीत तर समोर लाईफबोट टांगलेली नाही ना एवढं विचारा. काही खिडक्यांतून समुद्राऐवजी बोटीचं बूड दिसतं.

हळदी_रुमाल

मी जरा वेगळं लिहितो, आम्ही सिंगापूरहून गेन्टिंग ड्रीम केली होती, साडूंनी पॅलेस म्हणजे त्यांचे सूट घेतले होते आणि आम्ही साधी बाल्कनी, तर तिथं सूटवाल्यांचं सगळंच वेगळं, पूल वेगळा, जेवायची जागा वेगळी, दिमतीला बटलर, म्हणजे जहाजात अजून एक जहाज असल्यासारखं, आणि झालं काय तर साडू आमच्याबरोबर जेवायला आमच्या हॉलमधे येत होते कारण सगळी पोरं इकडं, आणि आम्हाला त्यांच्याकडं प्रवेश नाही, म्हणजे पैसे भरून माणूस एकटा पडला. तसल्या जहाजावर सूटला निदान काहीतरी वेगळं मिळतं, इथं मुख्यतः खोलीच मोठी मिळणार. चौघं एकत्र राहायला जाताय ना, मग दोन खोल्या शेजारी शेजारी घ्या, ते जास्त कामाचं.

पोवई_नाका

मी म्हटलंच होतं नका घेऊ 😀 पण अप्पांच्या पाण्याचं काय? बंद खिडकीतून वारा लागत नाही. माझ्या मते सकाळी लवकर डेकवर न्या, सहाच्या आसपास कोणी नसतं, खुर्ची पाहिजे तिथं मिळते. आमच्यातले एक काका रोज चहाचा कप घेऊन तिथंच. आणि तुम्ही महालक्ष्मीनं जाणार असाल तर सकाळीच सीएसएमटीला उतरता, बंदर तिथून टॅक्सीनं जवळच आहे, पण जहाजात घेतात दुपारकडं. सूटवाल्यांना लवकर आत सोडतात वगैरे म्हणतात, त्यापेक्षा स्टेशनजवळ अर्ध्या दिवसाची रूम घ्या, पाय पसरतील अप्पा.

विश्रामबागचा_बाळ्या

लेखी उत्तर आलं. मी मागितलेल्या तारखेला उंबरा नसलेली एक केबिन शिल्लक आहे, खिडकीची, लिफ्टपासून चौथं दार, दर साध्या खिडकीचाच. बाथरूमचा फोटो पाठवलाय, दांड्या दिसतायत, सीट दिसतेय. ताईंना व्यनि (खाजगी निरोप) करतो फोटो, एकदा नजर टाका. दोन दिवस धरून ठेवलीय.

अप्पा खूश आहेत, म्हणजे एक लाख सात हजाराची सूट मिळाली असं सगळ्या गल्लीत सांगून झालंय.

आईला मात्र आत्तापर्यंत कोणी काही विचारलंच नव्हतं हे आज लक्षात आलं. काल रात्री भाकरी करताकरता तिनं विचारलं, "ती बाल्कनी असती तर तिथं कपडे वाळत घालता आले असते का रे?" सहा दिवसांचे कपडे, अप्पांची दोन धोतरं. आता मलाच शंका आलीय.

खलाशी_नसलेला

नाही येत. कठड्यावर काही टाकू देत नाहीत, वाऱ्यानं उडतं. बाथरूममधे ओढून घ्यायची बारीक दोरी असते बरेचदा, फोटोत शॉवरच्या वर गोल डबी दिसते का बघा. धोतर मावणार नाही, पंचा मावेल.