मदत हवी आहे: पीएचपीतून 'परत' शोधलं की शून्य रेकॉर्ड

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव २०१४ पासून मी लिहिलेल्या पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा) स्क्रिप्टवर चालते. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर पीएचपी ८ वर नेला आणि स्क्रिप्ट बंद पडली. मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल_ फंक्शन्स पीएचपी ७ मध्येच काढून टाकली होती, आळस माझाच. दोन रात्री बसून सगळं पीडीओवर (डेटाबेसशी जोडण्याची नवी पद्धत) आणलं, कनेक्शनला कॅरसेट (अक्षरं बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ दिला, म्हणजे यूटीएफ८चाच पूर्ण प्रकार.

आता 'स्थिती' कॉलममध्ये 'परत' शोधलं की जुन्यांपैकी एकही रेकॉर्ड येत नाही. एररही नाही. म्हणजे दहा वर्षांत कुणी पुस्तक परतच केलं नाही म्हणायचं! जुनी नावं डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी 'ए'ची माळ लावल्यासारखी दिसतात. कॅरसेट लॅटिन१ (युरोपी लिपीचा, एका अक्षराला एकच बाइट) केला की ती छान दिसतात, पण या आठवड्यातल्या नोंदींची प्रश्नचिन्हं होतात. टेबल यूटीएफ८चंच आहे, तपासलंय.

आणखी एक, संबंध आहे की नाही माहीत नाही: कॉलम ५० अक्षरांचा असून जुनी लांब नावं सोळा-सतरा अक्षरांवर तुटलेली आहेत. आम्ही टाइप करणाऱ्या मुलाला बोलायचो.

प्रतिसाद:
संबंध आहे, आणि त्या मुलाची माफी मागा. जुन्या एका 'परत'ची कॅर_लेंग्थ (अक्षरं किती) आणि लेंग्थ (बाइट किती) काढून सांगा.

धागाकर्ता:
जुन्यात ९ आणि १८. नव्यात ३ आणि ९.

प्रतिसाद:
मग झालं. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ८मध्ये ३ बाइटचं. जुनं कनेक्शन लॅटिन१ होतं, त्यामुळे मायएसक्यूएलने प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजून पुन्हा यूटीएफ८ केलं. वाचताना तोच प्रकार उलटा व्हायचा, म्हणून कुणाला कळलं नाही. ५० भागिले ३ करा, नावं कुठे तुटली ते कळेल.

आधी बॅकअप. मग कॉलम लॅटिन१मध्ये कन्व्हर्ट, त्यावर बायनरी कास्ट (म्हणजे नुसते बाइट धरणं), त्यावर यूटीएफ८एमबी४ कन्व्हर्ट. आधी सिलेक्टमध्ये (नुसतं वाचून) बघा, पटलं तरच अपडेट (खरा बदल). नव्या चांगल्या नोंदींवर हे चालवलंत तर त्यांची कायमची प्रश्नचिन्हं होतील.

धागाकर्ता:
पण जुन्याच रेकॉर्डात या आठवड्यात स्थिती बदललेली आहे. नाव जुनं, 'परत' नवं. आयडीवरून कसं वेगळं करू?

प्रतिसाद:
आयडी सोडा, प्रत्येक कॉलमचा हेक्स (बाइटचे कोड) बघा. मराठी अक्षराने सुरू होणारा चांगला मजकूर ई०ए४ ने सुरू होतो, बिघडलेला सी३ए० ने. अपडेटच्या व्हेअरमध्ये (कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणाऱ्या भागात) तीच सी३ए०ची अट घाला, कॉलमगणिक वेगळी क्वेरी. तुटलेली नावं आधी बाजूला काढा, त्यांचं शेवटचं अक्षर अर्धवट असेल तर कन्व्हर्ट अडेल.

धागाकर्ता:
चाललं! 'परत' सापडतंय. तुटलेली ३७ नावं दाखल रजिस्टर काढून हाताने भरतोय. मुलगा आता पुण्याला असतो, फोन केला. हसला फक्त.