हॉकीचा सामना आता शोधावा लागतो: मोबाइलवरील प्रक्षेपणामुळे आपण प्रेक्षक मिळवले की गमावले?

टिळकवाडीकर (चर्चेचा प्रस्ताव)

८ ऑगस्ट २०२४ रोजी सायंकाळी पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचा सामना मी घरी एकट्याने मोबाइलवर पाहिला. स्पेनने आधी गोल केला, त्यानंतर हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल करून भारताला २-१ अशी आघाडी मिळवून दिली, आणि अखेरची मिनिटे गोलरक्षक श्रीजेशकडे पाहत श्वास रोखून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलो तेव्हा समजले की आमच्या गल्लीतील आणखी तीन घरांत तोच सामना पाहिला जात होता. भिंतीला भिंत लागून असलेली ही घरे, आणि एकाचा आनंद दुसऱ्याला कळायला रात्र उलटावी लागली. ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

१५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बेळगावच्या शहापुरात एका किराणा दुकानाच्या फळीवर रेडिओ ठेवलेला होता आणि दुकानापुढे रस्ता अडेल इतकी माणसे उभी होती. त्यांतील निम्म्या लोकांना हॉकीत काडीचाही रस नव्हता. ते तेल किंवा गूळ घ्यायला आले होते आणि गर्दी पाहून थांबले होते. अशोक कुमारच्या गोलनंतर मात्र सामान हातात घेऊन घरी जायला कोणी तयार नव्हते. मी स्वतः त्या दिवशी हॉकीचा झालो, आणि तोही ठरवून नव्हे, तर वडिलांनी साखर आणायला पाठवले होते म्हणून.

आजची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठी सोनीकडे जावे लागले, जानेवारी २०२३ च्या विश्वचषकासाठी हॉटस्टारकडे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी फॅनकोडकडे, पॅरिससाठी जिओसिनेमाकडे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली तेव्हा दूरदर्शनकडे किंवा प्रसार भारतीच्या वेव्हज या ॲपकडे. साडेतीन वर्षांत पाच दारे झाली. माझ्यासारखा वेडा माणूस पाचही दारे ठोठावतो, पण ज्याला अजून या खेळाची ओढ लागलेली नाही तो एकही ठोठावणार नाही. चेन्नईच्या अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध मध्यंतराला १-३ असे मागे पडलेल्या भारताने ४-३ असा विजय मिळवला. असा सामना चौकातल्या एखाद्या हॉटेलात लावलेला असता तर चहा प्यायला आलेली चार मुले तरी स्टिक मागत घरी गेली असती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मोबाइलवरील प्रक्षेपणाने असलेल्या चाहत्याला अधिक हॉकी दिली, परंतु नवा चाहता घडण्याची वाट बंद केली. भारताचा प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामना आणि लीगचे सर्व सामने विनामूल्य, एकाच ठिकाणी आणि दूरदर्शनवर दिसलेच पाहिजेत. ज्या शहराने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघाला बंडू पाटील दिले, त्या बेळगावात आज शाळकरी मुलाला भारताच्या गोलरक्षकाचे नाव सांगता येत नाही, हे मला सहन होत नाही.

खानापूरचा प्रशिक्षक

काका, आपण माझ्या वडिलांच्या वयाचे आहात आणि आपली तळमळ खरी आहे, तरीही मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. आपण १९७५ वरून थेट मोबाइलच्या काळात उडी मारली. मधली वर्षे कुठे गेली? १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर पदकासाठी ४१ वर्षे वाट पाहावी लागली, आणि २००८ मध्ये बीजिंगसाठी आपला पुरुष संघ पात्रही ठरला नाही. या काळात ॲप नव्हते. रेडिओ होता, दूरदर्शन होते, पुढे केबल आली, हॉटेलांत आणि पानपट्ट्यांवर टीव्ही लागले, आणि त्या प्रत्येक टीव्हीवर क्रिकेट चालू होते. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली आणि २००८ मध्ये संपली. २०१२ ची वर्ल्ड सीरिज हॉकी एका हंगामापलीकडे गेली नाही. २०१३ मध्ये सुरू झालेली हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली. या तिन्ही स्पर्धा टीव्हीवर दिसत होत्या. चाहता घडवण्याची जी वाट मोबाइलने बंद केली असे आपण म्हणता, ती त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली होती.

मी खानापुरात शाळेच्या मुलांना शिकवतो. आमचे मैदान मातीचे आहे आणि पावसाळ्यात ते चार महिने वापरता येत नाही. पूर्वी अशा महिन्यांत मुले केवळ जोर-बैठका काढत. आता आम्ही वर्गात बसून सामने पाहतो. पॅरिसमधील ब्रिटनविरुद्धची उपान्त्यपूर्व फेरी मी त्यांना अनेकदा दाखवली आहे. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यानंतर भारताने उरलेला सामना दहा खेळाडूंवर काढला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउट ४-२ असे जिंकले. दहा जणांनी मधली फळी कशी आखूड केली, डावीकडची मोकळी जागा कोणी झाकली, बाद झालेल्या खेळाडूवाचून पेनल्टी कॉर्नर अडवायला सर्वांत आधी कोण धावले, हे सारे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवता येते. रेडिओवरून ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलकडे फेकणे, शिकता येत नाही. मनगट कधी वळते आणि पुढचा पाय कुठे पडतो हे पाहावेच लागते, आणि एकदा पाहून ते समजत नाही.

शिवाय आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या ॲपमुळे भारत खेळत नसतानाही नेदरलँड्स आणि बेल्जियम यांचे सामने पाहायला मिळतात. माझ्या संघातील एका मुलीला बेल्जियमच्या बचावपटूंची नावे पाठ आहेत. तिच्या घरात कोणीही, कधीही हॉकी पाहिलेली नाही. मग तिला नवा चाहता म्हणायचे की नाही?

कणकुंबीहून

आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते आणि तिच्यापाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते, त्यामुळे ॲपवर सामना पाहण्यासाठी जांबोटीच्या बाजूला जावे लागते. पाऊस फार वाढला की डिशही बंद पडते, हे मान्य आहे. पण पाऊस थांबताच फ्री डिशवर दूरदर्शन परत येते आणि त्याला दरमहा रिचार्ज लागत नाही. प्रशिक्षकांनी वर्गात दाखवलेले सामने आधी कुठेतरी चांगल्या रेंजमध्ये उतरवून घेतलेले असणार. सामना चालू असताना पाहण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

निपाणीची माजी खेळाडू

किराणा दुकानापुढच्या त्या गर्दीत मुली किती होत्या, हा प्रश्न मला टिळकवाडीकरांना विचारायचा आहे. मी नव्वदच्या दशकात खेळत असे. सामना ऐकायचा किंवा पाहायचा झाला तर दुकान, हॉटेल किंवा तालीम हीच ठिकाणे होती, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी मला उभे राहता येत नव्हते. घरातील टीव्हीवर काय लागणार हे भाऊ ठरवत. मोबाइल हा माझ्या आयुष्यातील पहिला पडदा आहे, ज्यावर काय पाहायचे हे मी स्वतः ठरवते.

दुसरे असे की, आपल्या आठवणीत महिलांची हॉकी कुठेच आलेली नाही. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत महिलांच्या हॉकी इंडिया लीगचा पहिला अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ असे हरवले आणि विजयी संघाचे दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातील ऋतुजा पिसाळने केले. निपाणीहून महामार्गाला लागले की काही तासांत जिथे पोहोचता येते, तिथली ही मुलगी. त्याच जिल्ह्यातील वैष्णवी फाळकेही भारताकडून खेळलेली आहे. मी हा सामना स्वयंपाकघरात, ओट्यावर मोबाइल टेकवून पाहिला. दुसऱ्या गोलला मी एकटीच ओरडले आणि मला त्यात एकटेपणा वाटला नाही. तीस वर्षे ज्या गोष्टीची वाट पाहिली ती समोर घडत होती.

आपली तक्रार मला एका बाबतीत मात्र पटते, आणि ती भाषेची आहे. आयपीएलचे सामने २०२३ पासून मोबाइलवर मराठीतही ऐकता येतात आणि कन्नडमध्येही. पडदा तोच राहतो आणि हवी ती भाषा निवडता येते, हा तर या माध्यमाचा सर्वांत मोठा गुण. तरीही हॉकीचे मराठी समालोचन मी आजवर एकदाही ऐकलेले नाही. माझ्या आईला खेळ समजतो, पण इंग्रजी समजत नाही आणि वेगाने बोललेली हिंदीही समजत नाही. ऋतुजाचा गोल तिने आवाज बंद करून पाहिला.

कॅम्प, बेळगाव

वरील तिन्ही प्रतिसादांत एक मूळ गोष्ट राहून गेली आहे. चाहता खेळाचा असतो त्याहून अधिक संघाचा असतो, आणि बेळगावच्या माणसाला संघच नाही. २०२४-२५ च्या लीगमध्ये पुरुषांचे आठ संघ होते. त्यांत हैदराबाद होते, तामिळनाडू होते, दिल्ली, बंगाल, ओडिशा, उत्तर प्रदेश होते, पण कर्नाटकाचा संघ नव्हता आणि महाराष्ट्राचाही नव्हता. २०१२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये कर्नाटक लायन्स होता, पुणे स्ट्रायकर्स होता आणि मुंबई मरीन्सही होता. तेव्हा आमच्या घरात दोन भावांचे दोन संघ होते आणि त्यावरून जेवताना वाद होत असत. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला असा वाद किती जवळचा असतो हे मी वेगळे सांगायला नको. कोडगूने देशाला इतके खेळाडू दिले, बेंगळुरूत मैदान आहे, पिंपरीच्या नेहरूनगरात राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, तरीही दोन्ही राज्यांना मिळून एकही संघ नसावा, हे खरे दुखणे आहे. दूरदर्शनवर दाखवा नाहीतर ॲपवर दाखवा, लीगचे सामने जिथे झाले त्या रूरकेलात कोणाच्या बाजूने ओरडायचे हेच ठरत नसेल तर लोक किती दिवस पाहतील?

खानापूरचा प्रशिक्षक

संघ असता तरी तो बेळगावात किंवा बेंगळुरूत खेळताना आपल्याला दिसला नसता. त्या हंगामात पुरुषांचे सामने रूरकेला आणि रांची येथेच झाले. तामिळनाडू ड्रॅगन्सच्या चेन्नईतील चाहत्यालाही आपला संघ पडद्यावरच पाहावा लागला. अशा लीगमध्ये निष्ठा गावावरून नव्हे, खेळाडूवरून जुळते. आमची मुले सूरमा क्लबच्या बाजूने होती, कारण ७८ लाख रुपयांना त्या संघात गेलेला हरमनप्रीत त्यांना आवडतो.

टिळकवाडीकर

निपाणीच्या ताईंचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. त्या गर्दीत मुली नव्हत्या. माझी थोरली बहीण घरीच होती आणि गोल कोणी केला हे तिला मी सांगितले, असे आज लिहिताना आठवले. ज्या एकत्र पाहण्याची मी बाजू घेतली ते अर्ध्याच गावाचे होते, ही चूक मी मान्य करतो.

प्रशिक्षकांचा १९८० नंतरच्या काळाचा मुद्दाही बिनतोड आहे. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. टीव्हीने हॉकीला वाचवले नाही, म्हणून हॉकी टीव्हीवरून गेली तरी चालेल, असे होत नाही. आपल्या मुलांना आपण सामने दाखवता म्हणून ती पाहतात; त्यांचा रेडिओचा दुकानदार आपण आहात. ज्या शाळेत असा प्रशिक्षक नाही तिथे काय? माझ्या नातवाच्या मोबाइलमध्ये तेच ॲप होते ज्यावर पॅरिसचा सामना विनामूल्य दिसत होता, आणि त्याने त्या वेळी दुसरेच काही पाहिले, कारण त्याने आधी जे पाहिले होते तेच ते ॲप त्याच्यापुढे आणून ठेवत होते.

एक कायद्याची बाजूही नोंदवतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागते. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जाळ्यावरच, म्हणजे अँटेना आणि फ्री डिश यांवरच दाखवायचे. खासगी केबल आणि डिशवरून ते जाऊ शकत नाही. त्यामुळे कणकुंबीच्या घरात जे दिसू शकते ते टिळकवाडीतील केबलच्या घरात दिसत नाही.

१५ ते ३० ऑगस्ट २०२६ या काळात नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे विश्वचषक आहे, आणि राजगीरला आशिया चषक जिंकून आपण तिथली जागा मिळवली आहे. शाळेचे सभागृह घ्यावे, मोठा पडदा लावावा, मुली आणि त्यांच्या आया यांना पुढच्या रांगा द्याव्यात, आणि मागे कोणीतरी माइक घेऊन मराठीत बोलावे, असे मला फार वाटते. मी खुर्च्यांचा खर्च उचलतो.

खानापूरचा प्रशिक्षक

काका, सभागृह मी मिळवतो आणि माइकवर बोलायलाही तयार आहे, कारण माझी मुले खेळाडूंना ओळखतात आणि ती मला मदत करतील. एकच अडचण आहे. सामने दाखवणाऱ्या ॲपचे सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरासाठी दिलेले असते. ते सभागृहात शंभर जणांना दाखवायचे झाले तर प्रक्षेपणकर्त्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल, आणि ती खानापूरच्या एका शाळेला कोण देणार हे मला ठाऊक नाही. वर्गातल्या वीस मुलांपर्यंत हा प्रश्न माझ्या कधी मनात आला नव्हता. दूरदर्शनवरच्या सामन्याची आपली मागणी मला इथे प्रथमच पटली. परवानगीचे पत्र मी याच आठवड्यात लिहितो. शाळेतल्या जुन्या टीव्हीला फ्री डिश जोडता येते का, हे कणकुंबीच्या मित्रांनी येऊन पाहावे.

निपाणीची माजी खेळाडू

पुढच्या रांगेत दोन जागा ठेवा. आईला घेऊन येते.