सूर्यघर योजनेचा अर्ज आधी करावा, की घराची विजेची गरज आधी कमी करावी?

मानेवाडा (धागाकर्ता):
घराच्या गच्चीवर सौर पॅनल बसवण्यासाठी असलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये अनुदान आहे. त्यापुढे कितीही पॅनल बसवले तरी ७८,००० रुपयांच्या वर काही मिळत नाही. म्हणून घरातील वापर आधी खाली आणावा आणि मगच अर्ज करावा, असे माझे ठाम मत आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. चार पंखे रोज पंधरा तास चालत असतील, तर दिवसाला २.७ युनिट वाचतात. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट देतो, हे लक्षात घेतल्यास ही बचत लहान नाही.

गच्चीचे वॉटरप्रूफिंग तर आधीच व्हायला हवे. पॅनलचे पाय स्लॅबवर पक्के झाल्यानंतर पावसाळ्यात त्यांच्याच बुडाशी ओल उतरू लागली, तर सगळा सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च घरमालकालाच करावा लागतो.

धरमपेठ:
वॉटरप्रूफिंगबद्दल सहमत, पण वापर कमी करून मगच अर्ज करण्याला विरोध. पंख्यांना आणि गच्चीच्या कामाला या योजनेत अनुदान नाही. योजनेची मुदत मात्र २०२६-२७ पर्यंतच आहे. शिवाय अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते, त्यामुळे रक्कम आधी स्वतः उभी करावी लागते. ती किरकोळ कामांत खर्च झाली, तर मुख्य काम मागे पडते. पॅनलच्या सावलीतला स्लॅब कमी तापतो, हा लाभही आपण हिशेबात धरलेला नाही.

जरीपटका:
सावली तीन किलोवॅटला सुमारे तीनशे चौरस फुटांवरच पडते. उरलेली गच्ची नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) रात्री उशिरापर्यंत खालच्या खोल्या भाजत राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेट मीटरमधील (ग्रीडला दिलेल्या आणि तिथून घेतलेल्या विजेची वजावट करणाऱ्या मीटरमधील) शिल्लक युनिटे महिन्यामागून महिना पुढे जात असली, तरी त्यांचा वार्षिक हिशेब ३१ मार्चला मिटतो. हिवाळ्यात साठवलेली युनिटे एप्रिल-मेच्या कूलरच्या कामी येत नाहीत. नागपुरात खरा भार नेमका मार्चनंतर चढतो, त्यामुळे उन्हाळ्याचा वापर घरातच कमी करण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी गच्चीला पांढरा लेप देणे सर्वांत स्वस्त पडते. पॅनल बसल्यावर त्यांच्याखाली नीट हात पोहोचत नाही, म्हणून हे कामही आधीच उरकावे.

धरमपेठ:
लेपाचे मान्य, तो वॉटरप्रूफिंगबरोबरच होऊन जाईल. परंतु ज्या घरात महिन्याला चारशे युनिटे जळतात, तेथे पंखे बदलूनही तीन किलोवॅटच लागणार. मग त्यांनी अर्ज का थांबवावा?

मानेवाडा:
त्यांनी थांबू नये. मात्र तीनशेच्या आसपास वापर असलेल्या घराला पंख्यांमुळे दोन किलोवॅट पुरू शकतात, आणि मग ज्या तिसऱ्या किलोवॅटला अनुदान सर्वांत कमी आहे, त्याचा खर्चच टळतो. अशा कुटुंबांनी मे आणि डिसेंबरची बिले शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय क्षमता ठरवू नये, या मतावर मी कायम आहे.