जळगावला भावाची नोकरी गेली, वकील करावा का?

मंडळी नमस्कार, भरिताच्या पार्टीचं ठरतंय त्यात मधेच माझं रडगाणं, सॉरी. धाकटा भाऊ जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात 7 वर्षं होता, सोमवारी बोलावून म्हणे काम कमी आहे राजीनामा लिहून दे, याने नाही दिला तर गेटवर कार्डच काढून घेतलं. बेसिक 19,500. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर आधी फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर सही कर मग बघू. वकील 40 हजार सांगतोय. आई म्हणते कोर्टाची पायरी नकोच. मी इथून पैसे पाठवीन, पण करू का?
– पाचोऱ्याचा, सध्या मेलबर्न

अरे भो, आधी त्याला फोन लाव आणि सांग सही करू नको!! त्या कागदात खाली बारीक अक्षरात ‘माझे काहीही येणे बाकी नाही’ अशी ओळ असते, मी एचआरमध्ये असताना हेच कागद लोकांपुढे सरकवलेत म्हणून सांगतो. ग्रॅच्युइटीला वकील कशाला, 19,500 भागिले 26 गुणिले 15 गुणिले 7, झाले 78,750. 5 वर्षं भरली की राजीनामा दिला तरी मिळते, 30 दिवसांत द्यायची असते, नाही दिली तर लेबर ऑफिसात स्वतः अर्ज करायचा.
नोकरी परत पाहिजे असेल तर आधी समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे मालक-कामगारात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे जावं लागतं आणि तिथे वकील चालतच नाही, आपलाही नाही मालकाचाही नाही. मग 40 हजार आत्ताच कशाचे? 45 दिवसांत नाही मिटलं तर पुढचं तेव्हा बघ. फक्त झोपून राहू नका, 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार कायद्याची नवी संहिता लागू झाली, दाद मागायची पूर्वीची 3 वर्षांची मुदत आता 2 वर आलीय.
– नाना, भुसावळ

नाना बरोबर बोलले पण मेन गोष्ट राहिली, भाऊजी, पत्रावर पद काय लिहिलंय? सुपरवायझर असेल आणि पगार 18,000 च्या वर, तर मालक म्हणणार हा कायद्याने वर्करच (कामगारच) नाही, की मग समेटबिमेट सगळं उडालं. माझ्या मावसभावाची याच मुद्द्यावर नुसत्या तारखा चालल्यात. इथे वकील लागतो, पण अख्खी केस देऊ नका, एका बैठकीची फी द्या आणि कागद वाचून घ्या. वर्कर ठरला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.
– धुळ्याची वहिनी

वहिनी, नेमकं तिथेच घोडं अडलंय, पत्रावर सुपरवायझरच आहे. पण रात्री भावाने व्हॉट्सॲप चाळलं तर मॅनेजरचे मेसेजच मेसेज, “4 नंबर लूम आज तूच चालव, माणूस आला नाही”, असे तीसेक स्क्रीनशॉट निघाले, म्हणजे पद काहीही असो, काम वर्करचंच करायचा याचा पुरावा. सही केलेली नाही. गुरुवारी एकाकडे फक्त कागद दाखवायला जातोय. आईला वकील म्हणून नाही सांगितलं, ओळखीचे एक काका आहेत म्हटलं.