नोस्क्रिप्ट चालू असूनही पान आपोआप दुसरीकडे जातं. कसं थांबवायचं?

अभ्यासिका_नवीपेठ:

नमस्कार. नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतले संगणक बघतो. सगळीकडे फायरफॉक्स आणि त्यात नोस्क्रिप्ट आहे, म्हणजे पानातल्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम) अडवणारं ॲड-ऑन. नोस्क्रिप्टसोबत आधीपासून येणारी विश्वासू साइटींची यादीही काढून टाकलीय, म्हणजे मुलांनी स्वतः परवानगी दिल्याशिवाय कुठलीच स्क्रिप्ट चालत नाही. तरीही पानं उड्या मारतात, आणि तेही तीन तऱ्हांनी.

नोकरभरतीच्या जाहिराती देणाऱ्या एका साइटवर मजकूर क्षणभर दिसतो, मग 'जावास्क्रिप्ट सुरू करा' असं सांगणारं पान येतं. मूळ जाहिरात वाचताच येत नाही. बातम्यांची एक स्थानिक साइट शोधातून उघडली की थेट लॉटरीच्या पानावर नेते, पण पत्ता टाइप करून उघडली तर नीट उघडते. आणि काही जुन्या, साध्या एचटीटीपी (पत्त्याजवळ कुलूप नसलेल्या) साइटींवर मधूनच ब्रॉडबँडवाल्यांचं रिचार्जचं पान येतं.

स्क्रिप्ट बंद असताना हे होतं कसं? मुलं इथूनच परीक्षेचे अर्ज आणि फी भरतात, तेव्हा ते मोडणार नाही असा उपाय हवा.

कोथरूड_वेब:

पान हलवायला स्क्रिप्ट लागतेच असं नाही. सर्व्हर उत्तरातच ३०१, ३०२, ३०३, ३०७ किंवा ३०८ हा आकडा आणि सोबत 'लोकेशन' हेडरमध्ये (हेडर म्हणजे पानाआधी येणारी माहितीची ओळ) नवा पत्ता पाठवू शकतो. तेव्हा पहिलं पान उघडतच नाही, त्यामुळे अडवायला स्क्रिप्टही नसते. दुसरा मार्ग मेटा रिफ्रेशचा. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ लिखाणात, एक ओळ असते, 'इतक्या सेकंदांनी या पत्त्यावर जा'. ही सोय १९९५ च्या नेटस्केप १.१ मध्ये आली, म्हणजे जावास्क्रिप्टच्याही आधी. हेच काम 'रिफ्रेश' नावाच्या हेडरनेही होतं. नोस्क्रिप्ट यातल्या कशालाच स्क्रिप्ट समजत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुमची भरतीची साइट मेटा रिफ्रेश वापरते असं दिसतं, कारण मजकूर क्षणभर का होईना दिसतो. ती ओळ बहुधा 'नोस्क्रिप्ट' टॅगच्या आत असेल. नाव सारखं असलं तरी हे ॲड-ऑन नव्हे, एचटीएमएलमधली एक खूण आहे. त्या टॅगमधला मजकूर स्क्रिप्ट बंद असेल तेव्हाच लागू होतो, म्हणजे तुम्ही स्क्रिप्ट अडवलीत म्हणूनच ही उडी घडते. खात्री करायला पत्त्याच्या आधी 'व्ह्यू-सोर्स:' जोडून पान उघडा. तिथे पान फक्त मजकूर म्हणून दिसतं, मेटा रिफ्रेश चालत नाही. कंट्रोल-एफने 'रिफ्रेश' शोधा.

उपाय दोन. नोस्क्रिप्टच्या पर्यायांत 'डीफॉल्ट' या गटात 'नोस्क्रिप्ट' नावाची एक चौकट आहे, तिची खूण काढा. मग तो टॅग दाखवला जाणार नाही. दुसरा उपाय जास्त भक्कम आहे. पत्त्याच्या जागी 'अबाउट:कॉन्फिग' टाइप करून फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगची यादी उघडा, 'ॲक्सेसिबिलिटी.ब्लॉकऑटोरिफ्रेश' शोधा आणि त्याची किंमत 'ट्रू' करा. यानंतर मेटा रिफ्रेश आला की फायरफॉक्स जागीच थांबतो आणि वर पट्टी दाखवून 'अलाउ'चं बटण देतो. फी भरताना बँकेचं पान असं थांबलं तर मुलांनी ते बटण दाबायचं, बाकी काही मोडत नाही. पूर्वी ही खूण फायरफॉक्सच्या नेहमीच्या पर्यायांत होती, आता फक्त इथे सापडते. ३०२ वगैरेंवर मात्र तिचा काहीही परिणाम होत नाही, तेव्हा लॉटरीचं पान याने थांबणार नाही.

सिंहगडरोड_लिनक्स:

३०२ थांबवायचं तर त्याच 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'नेटवर्क.एचटीटीपी.रीडायरेक्शन-लिमिट' आहे. मूळ किंमत २०. ती ० केली की सर्व्हरने सांगितलेली एकही उडी मारली जात नाही, त्रुटीचं पान येतं.

कोथरूड_वेब:

अभ्यासिकेत हे अजिबात करू नका. लॉगिन झाल्यावर पुढच्या पानावर नेणं, फी भरल्यावर बँकेकडून अर्जाकडे परत आणणं, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेणं, ही सगळी कामं याच उड्यांवर चालतात. मर्यादा शून्य केली तर पैसे कापले जातील आणि पावतीचं पान उघडणार नाही. एखादी संशयास्पद साइट तपासायला, वेगळ्या प्रोफाइलमध्ये, एवढाच या किमतीचा उपयोग.

सिंहगडरोड_लिनक्स:

मान्य, फी भरण्याचा मुद्दा पटला. मग निदानासाठी याहून सोपी रीत सांगतो. एफ१२ दाबा, 'नेटवर्क' उघडा, दातेरी चाकावर क्लिक करून 'परसिस्ट लॉग्ज' चालू करा. क्रोममध्ये हाच पर्याय 'प्रिझर्व्ह लॉग' नावाने आहे. हे चालू नसेल तर उडी मारताच आधीच्या नोंदी पुसल्या जातात आणि हाती काहीच लागत नाही. 'डिसेबल कॅश'वरही खूण करा, कारण ३०१ हा कायमचा बदल मानून ब्राउझर तो जपून ठेवतो. साइटने चूक दुरुस्त केली तरी तुमच्याकडे जुनीच उडी चालू राहू शकते.

आता पान उघडा आणि पहिली ओळ वाचा. आकडा ३०० च्या घरातला असेल तर उडी सर्व्हरची, आणि 'लोकेशन'मध्ये कुठे नेलं ते दिसेल. आकडा २०० (पान नीट मिळालं) असेल आणि लगेच दुसरं पान मागवलं गेलं असेल तर मेटा रिफ्रेश, रिफ्रेश हेडर, किंवा कुणीतरी परवानगी देऊन ठेवलेली स्क्रिप्ट. शेवटची शक्यता सामायिक संगणकावर नेहमी धरा. एकाने कायमची परवानगी दिली की ती त्या प्रोफाइलवर सगळ्यांना लागू होते. नोस्क्रिप्टमध्ये वरच्या पानाचे निर्बंध आतल्या फ्रेमनाही (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानांनाही) लावण्याचा पर्याय आहे, तोही चालू करून ठेवा. नाहीतर अविश्वासू पानाच्या पोटातली विश्वासू साइटीची फ्रेम आपली स्क्रिप्ट चालवू शकते.

चित्रांबद्दल घाबरू नका. चित्राच्या मागणीला ३०२ मिळाला तर फक्त चित्र दुसरीकडून येतं, पान हलत नाही.

एरंडवणे_नेटवर्क:

रिचार्जच्या पानाचं मी सांगतो. साध्या एचटीटीपीची मागणी वाटेत कुणालाही वाचता येते आणि तिला उत्तरही देता येतं. प्लॅन संपत आला की काही सेवादाते मधेच स्वतःचा ३०२ घुसवतात. एचटीटीपीएसवर त्यांना हे गुपचूप करता येत नाही. तसा प्रयत्न झाला तर प्रमाणपत्राची चेतावणी येते किंवा पान अडकून पडतं. म्हणून ही खूणगाठ बांधा: चेतावणी न येता एचटीटीपीएसचं पान उडी मारत असेल तर दोष साइटीत किंवा तुमच्याच ब्राउझरमध्ये आहे, केबलवाल्यात नाही.

फायरफॉक्सच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' सगळ्या खिडक्यांसाठी चालू करा. ज्या साइटीकडे एचटीटीपीएस नाहीच, तिथे आधी इशारा येईल, मग पुढे जायचं की नाही ते मुलं ठरवतील.

राउटरही बघा. त्यातला डीएनएसचा (साइटीच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता कुणी बदलला असेल तर एकाच वेळी सगळ्या संगणकांवर उड्या सुरू होतात. राउटरमध्ये शिरून तो पत्ता सेवादात्याने दिलेला किंवा तुम्ही स्वतः घातलेलाच आहे ना ते तपासा, आणि ॲडमिनचा पासवर्ड कंपनीचाच राहिला असेल तर आधी बदला. 'एनएसलुकअप' या आज्ञेने १.१.१.१ या सार्वजनिक डीएनएसला थेट विचारलं म्हणजे खरं उत्तर मिळालं असंही धरू नका, कारण ही चौकशी ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून उघडी जाते आणि वाटेत वळवता येते. फायरफॉक्समधलं 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस', म्हणजे तीच चौकशी एचटीटीपीएसमधून पाठवण्याची सोय, 'मॅक्स प्रोटेक्शन'वर चालू केलं की तो प्रश्न उरत नाही.

कोथरूड_वेब:

लॉटरीच्या पानाबद्दल. शोधातून आलं की उडी, पत्ता टाइप केला की सगळं ठीक, हे लक्षण ओळखीचं आहे: ती बातम्यांची साइट बाहेरच्या कुणीतरी फोडलेली असणार. ब्राउझर मागणीसोबत 'रेफरर' पाठवतो, म्हणजे आधी कुठे होतो ते. आता बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता न जाता फक्त साइटीचं नाव जातं, पण शोधयंत्र ओळखायला तेवढं पुरतं. सर्व्हरवर घुसवलेला नियम ते नाव दिसलं की ३०२ देतो. मालक स्वतः पत्ता टाइप करून बघतो, त्याला काही दिसत नाही, म्हणून असं महिनोन्महिने चालू राहतं.

तुमच्या बाजूने यूब्लॉक ओरिजिन हे नकोशा साइटी अडवणारं ॲड-ऑन लावा आणि नेटवर्कच्या नोंदीत उडीच्या साखळीत जी अनोळखी डोमेनं दिसतील ती 'माय फिल्टर्स'मध्ये घाला. साखळीतली प्रत्येक उडी ही वेगळी मागणी असते, त्यामुळे मधली एक कडी अडली तरी शेवटचं पान उघडत नाही.

साइटीच्या मालकालाही कळवा, पण 'तुमची साइट खराब आहे' एवढंच लिहून उपयोग नाही. शोधातून आल्यावरच घडतं हे स्पष्ट लिहा आणि नोंदीचा स्क्रीनशॉट जोडा. साइट वर्डप्रेसवर बनलेली असेल तर सर्व्हरच्या नियमांच्या 'डॉट एचटीॲक्सेस' फाइलमध्ये रेफररच्या अटी, 'डब्ल्यूपी ऑप्शन्स' टेबलमधल्या 'साइटयूआरएल' आणि 'होम' या दोन नोंदी, आणि अपलोडच्या फोल्डरमधल्या पीएचपी फाइली बघायला सांगा. त्या फोल्डरमध्ये चित्रं आणि कागदपत्रं असावीत, पीएचपीचं तिथे सहसा काही काम नसतं.

अभ्यासिका_नवीपेठ:

मनापासून आभार. भरतीच्या पानाच्या सोर्समध्ये 'नोस्क्रिप्ट' टॅगच्या आत शून्य सेकंदांचा रिफ्रेश सापडला. बातम्यांच्या साइटीवर पहिल्याच ओळीत ३०२ आहे. एक विचारायचं राहिलं: काही मुलं क्रोम वापरतात. तिथे ब्लॉकऑटोरिफ्रेशसारखं काही आहे का?

कोथरूड_वेब:

नाही. क्रोमच्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' आहे, पण त्याचा हेतू वेगळा आहे. परक्या फ्रेमने, वापरकर्त्याने काही न दाबता, वरचं पूर्ण पान हलवू नये यासाठी तो आहे. मेटा रिफ्रेश आणि ३०२ त्यातून सरळ निघून जातात. शिवाय क्रोमच्या सेटिंगमधूनच जावास्क्रिप्ट बंद केली तर 'नोस्क्रिप्ट' टॅग लागू होतो, आणि तो थांबवायची चौकट तिथे नाही. भरतीच्या साइटी मुलांना फायरफॉक्समध्येच उघडायला सांगा.