भूभूच्या चरबीच्या गाठी: काढल्यात की राहू दिल्यात?

रानजाई:
माळा आवरताना बंड्याचा, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन हाती लागला आणि सगळं आठवलं. लॅब्रा, वय झालेलं, वजन जरा जास्तच. काखेत गाठ आली. मऊ, बोटाखाली सरकणारी. डॉक्टरांनी सुईने थोडं काढून काचपट्टीवर पसरलं, ते वाळेचना, तेलकट चकाकत राहिलं. "चरबी दिसतेय, लक्ष ठेवा," म्हणाले. पुढे ती मुठीएवढी झाली आणि पठ्ठ्या पुढचा पाय बाहेर फेकत चालायला लागला, तेव्हा काढली. गाठ सुटून आली पटकन. छळलं ते मागे राहिलेल्या पोकळीने. आत पाणी साठलं, नळी ठेवावी लागली, घरभर गुलाबी ठिपके. तुमच्याकडे काय झालं? म्हाताऱ्या कुत्र्याला भूल द्यायचं कसं ठरवलंत?

पिंगळा:
गुंडीला चार-पाच आहेत, एकही काढली नाही. बाईसाहेबांना काही त्रास नाही. वहीत कुत्र्याचं चित्र काढून त्यावर गाठी मांडल्यात, शेजारी माप आणि तारीख. नवऱ्याने चित्राला मिश्या काढल्या.

अर्धवटराव:
सुई प्रत्येक गाठीला टाकून घ्या!! आमच्याकडे आधीच्या सगळ्या चरबीच्या, म्हणून ही पण तीच असं घरात ठरून गेलेलं. निघाली मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर. हाताला फरक कळत नाही हो. तिच्यात भोवतालचं दोन-तीन सेंमी चांगलं कातडंसुद्धा काढतात, त्यामुळे कापायच्या आधी कळलेलं बरं.

रानजाई:
बापरे! आता कसा आहे तो?

अर्धवटराव:
ती. झकास आहे. सोफ्यावरची माझी जागा गेली ती गेलीच.

टंगळमंगळ:
रोज मालिश केली की विरघळते असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. विरघळत असती तर माझं पोट एव्हाना सपाट असतं.

पिंगळा:
😂😂 वजन उतरवलं तर डॉक्टरांना कापायला सोपं जातं म्हणे. गाठ मात्र सहसा जात नाही.

दवबिंदू:
आमची मांडीत होती आणि सरकत नव्हती. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की स्नायूंच्या धाग्यांत शिरलीये. ही जात कॅन्सरसारखी दुसरीकडे पसरत नाही, पण पूर्ण निघतही नाही. काढली, परत आली. दुसऱ्यांदा नाही नेलं त्याला. शेवटपर्यंत लंगडत का होईना, फाटकापर्यंत यायचा.

रानजाई:
अगं... 🙏

सांजवेळ:
भुलीबद्दल: रक्त तपासलं, लिव्हर-किडनी ठीक, हृदयही बघून घेतलं. नुसतं वय बघून नाही म्हणू नका, तपासण्या बघा. दातांची सफाई करायचीच होती, एकाच भुलीत दोन्ही उरकलं. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, नाहीतर जाते कचऱ्यात. आणि नंतर कण्हतोय म्हणून घरातली आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना विषारी आहे ती. डॉक्टरांनी दिलेलीच गोळी.

टंगळमंगळ:
कोन घालून कोणाचा कुत्रा दारातून नीट गेलाय का? आमचा दर वेळी चौकटीला धडकून चौकटीवरच भुंकायचा.

पिंगळा:
आम्ही लेकीचा जुना टीशर्ट घातला, शेपटीपाशी गाठ मारून. जखम छातीवर असेल तर चालतं. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, उड्या बंद. तेच सगळ्यात कठीण.

भटकभवानी:
मांजरांना होतात का ओ?

सांजवेळ:
होतात, पण कमी. लागलीये का काही हाताला?

भटकभवानी:
हो, बोक्याच्या पोटाशी. उद्या नेते. सुईचं काही नाही, त्याला पिंजऱ्यात कोण घालणार यावरून आत्ता घरात भांडण चालू आहे.